आधी गारवा, मग हवा

आमच्या घरात हवेबद्दल कधी चांगलं बोललं गेलं नाही. वडील अमळनेरच्या तेल कारखान्यात कामाला होते. १९४५ साली 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी इथं वनस्पती तूप काढण्यासाठी निघाली आणि पुढे तिचीच विप्रो झाली, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तेलाला हवा लागली की तेल खवट होतं, हा वडिलांचा पहिला आणि शेवटचा धडा. डबा भरलेला असावा, झाकण घट्ट असावं, अर्धा डबा चुलीजवळ ठेवू नये. आईच्या हातून बरणी उघडी राहिली तर ते काही न बोलता उठून झाकण लावायचे. प्रताप महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकले तेव्हा त्यांच्या या सवयीमागचं ऑक्सिडीकरण कळलं. मग नोकरी लागली ती दिंडोरी तालुक्यातल्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत, आणि तिथं पहिल्याच हंगामात माणसं मुद्दाम हवा घालताना पाहिली.

नाशिककडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी बहार छाटणी फळासाठी. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यॉन या काळ्या जाती साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात. ऊन चढायच्या आत खुडणी उरकायची असते, त्यामुळे सकाळी क्रेट यायला लागले की प्रयोगशाळेत चहाचीही सवड नसते. साखर, आम्लता, पीएच, की पुन्हा पुढच्या गाडीची साखर. दाणे फोडून टाकीत गेले की एक-दोन दिवसांत किण्वन सुरू होतं. सालं वर येतात आणि त्यांचा जाड थर बसतो. रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा या सालांत, म्हणून तळाचा रस पंपानं उचलून त्या थरावर पुन्हा पुन्हा सोडावा लागतो. आमच्याकडे सेलर सांभाळणारे दादा सुरुवातीच्या दिवसांत हा रस नळीतून सरळ वर जाऊच देत नसत. आधी तो उघड्या टपात उंचावरून पडायचा, फेसाळायचा, आणि मग वर जायचा. मला ते बघवत नव्हतं. पण कारण साधं होतं. यीस्टला वाढायला ऑक्सिजन लागतो. तो मिळाला नाही, किंवा रसात नायट्रोजन कमी पडला, तर यीस्टचे हाल होतात आणि टाकीला सडक्या अंड्याचा वास मारायला लागतो.

किण्वन संपलं की हुकूम उलटा. आता टाकी काठोकाठ भरायची, वर जागा उरलीच तर तिथं नायट्रोजन सोडायचा, नळ्यांचे जोड तपासायचे, गाळावरून वाइन दुसऱ्या टाकीत घेताना नळी तळाला टेकवून ठेवायची म्हणजे शिडकावा होणार नाही. कारण आता ॲसेटिक जिवाणू टपून बसलेले असतात. त्यांना हवा मिळाली की अल्कोहोलचा व्हिनेगर व्हायला लागतो. लुई पाश्चरनं १८६६ साली वाइनवर पुस्तक लिहिलं, त्यात या दोन्ही बाजू आहेत. थोडा थोडा ऑक्सिजन वाइनला मुरवतो आणि जास्त झाला की तोच ती घालवतो. मी हे पुस्तकातून शिकायच्या आधी दादांच्या ओरडण्यातून शिकले.

वासाचं काम माझ्याकडे यायचं. एखाद्या टाकीला वास मारतोय असं कुणी म्हटलं की मी दोन ग्लास घेऊन जायची. दोन्हींत सारखी वाइन. एका ग्लासात मोरचुदाच्या अगदी विरळ द्रावणाचा एक थेंब. हे तेच मोरचूद, जे चुन्यात कालवून बोर्डो मिश्रण करतात आणि द्राक्षबागेवर फवारतात, त्यामुळे बागेत वाढलेल्या पोरांना त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. ग्लास फिरवायचे आणि आळीपाळीनं हुंगायचे. थेंब घातलेल्या ग्लासातला वास गेला आणि दुसऱ्यातला राहिला, तर दोष गंधकाचा. तांबं त्या गंधकाला बांधून टाकतं. ही वाइन फक्त हुंगायची, प्यायची नाही, लगेच मोरीत ओतायची. या साध्या परीक्षेचा मला पुढे घरी बाटली उघडताना फार उपयोग झाला, कारण हवेनं काय सुटतं आणि काय सुटत नाही हे तिथं नाकाला कळलं. उकडलेल्या अंड्याचा, विझवलेल्या काडेपेटीच्या काडीचा हलका वास वाइन थोडी मोकळी झाली की उडून जातो. कांदा, कोबी किंवा जळक्या रबराचा वास मात्र चिवट. तो मरकॅप्टनचा. हवेनं त्याचं डायसल्फाइड होतं, वास तेवढ्यापुरता दबल्यासारखा वाटतो, पण दोष जात नाही, आणि एकदा डायसल्फाइड झालं की मोरचूदही त्याला हात लावू शकत नाही. जगमध्ये तासभर ठेवली की कुठलीही वाइन सुधारते असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही तो यामुळे.

हे झालं कारखान्यातलं. घरी वाइन वाढायची म्हणजे काय, हे मात्र मला अमळनेरनं शिकवलं.

आखाजीला मी माहेरी येते. खान्देशातल्या लेकीला दिवाळी चुकली तरी चालते, आखाजी चुकत नाही. सण एप्रिल-मेच्या ऐन तावात येतो. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, झोके, आणि बाहेर चव्वेचाळीस अंश. सणाच्या दिवशी पितरांचा मान असतो, त्या दिवशी घरात बाटलीचा विषयही निघत नाही, निघूही नये. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बापूकाका येतात. त्यांना माझ्या नोकरीचं फार कौतुक आहे. काळ्या मसाल्याच्या मटणाचा बेत असला की ते मला हमखास विचारणार की यंदा काय आणलंस. वडील स्वतः घेत नाहीत, पण समोर बसतात. आई आतून लक्ष ठेवते.

पहिल्यांदा त्यांना शिराझ दिली तेव्हा मी सगळं रीतसर केलं होतं. बाटली आधी उघडली होती, काचेच्या जगमध्ये ओतून ठेवली होती, ग्लास स्वच्छ होते. काकांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "हाई तं गरम शे वं. बरफ टाक ना."

रेड वाइनमध्ये बर्फ घालत नाहीत, हे वाइनच्या धंद्यातला कुणीही झोपेतसुद्धा सांगेल. मी पर्समधला थर्मामीटर काढला आणि जगमध्ये बुडवला. ही माझी कामाची सवय, घरचे त्याला सरावलेत. पारा पस्तिशीच्या पुढे गेला. काकांच्या जिभेनं अचूक ओळखलं होतं. त्या वाइनला हवेची गरज नव्हती, गारव्याची होती.

रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी असं लेबलवर लिहिलेलं असतं. तो सल्ला युरोपातल्या थंड दगडी घरांमधून आला. तिथल्या खोल्या सोळा-अठरा अंशांच्या. आपल्याकडे एप्रिलमध्ये धाब्याच्या घराची भिंतसुद्धा रात्री नऊ वाजता हाताला ऊन लागते. इतक्या तापमानाला वाइनमधलं अल्कोहोल आधी नाकात चढतं. आपल्या नाशिकच्या रेड वाइन बहुधा तेरा-चौदा टक्क्यांच्या. त्यात जांभळाचा, मिऱ्याचा, लवंगेचा जो काही वास असेल तो त्या वाफेखाली दडपला जातो आणि चव मुरांब्यासारखी गोडसर, जड लागते. अशा वाइनला जगमध्ये ओतून अर्धा तास पंख्याखाली ठेवलं तर ती आणखी तापते, आणि जे थोडे चांगले वास होते तेही उडून जातात. म्हणजे हवा द्यायच्या नादात आपण नुकसानच करतो. वाइन वाढण्याबद्दल मला ठामपणे एकच गोष्ट सांगायची आहे. खान्देशात, विदर्भात, मराठवाड्यात, जिथं उन्हाळा असा असतो तिथं रेड वाइनला आधी गार करा. हवेचा विचार त्यानंतर.

गार करायच्या दोन रीती आमच्या घरात चालतात. पहिली आजीची. बाटलीला ओलं सुती फडकं गुंडाळायचं आणि कुलरच्या झोतात ठेवायची. आमची हवा कोरडी, त्यामुळे पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणानं. पण या रीतीला मर्यादा आहे. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारीही ओल्या फडक्यानं बाटली बावीस-चोवीस अंशांच्या खाली सहसा जात नाही. मुंबईत किंवा गोव्यात तर हवेतच इतका ओलावा असतो की हा उपाय तिथं चालतच नाही. म्हणून शेवटचे सात-आठ अंश बर्फाने उतरवायचे. बादलीत नुसता बर्फ टाकून भागत नाही. बर्फ आणि पाणी दोन्ही हवं, कारण पाणी बाटलीला सगळ्या बाजूंनी भिडतं, खडे फक्त ठिकठिकाणी टेकतात. कडक तापलेली बाटलीसुद्धा अशा बादलीत पंधरा-वीस मिनिटांत सतराच्या आसपास येते. फ्रिजमध्ये त्याच कामाला दीड-दोन तास लागतात, आणि रात्रभर विसरली तर चार-पाच अंशांची होऊन बसते. इतकी गार रेड वाइनही वाईट, कारण गारठ्यात तुरटपणा जिभेला टोचतो आणि वास येतच नाही. आमच्याकडे मी चौदा अंशांवर वाढते. ग्लासात पडल्यावर दहा मिनिटांत ती आपोआप सोळा-सतरावर येते. मग ग्लास अर्ध्याहून कमी भरायचा आणि बाटली पुन्हा बादलीत. काकांना आता ग्लासात बर्फ लागत नाही. बर्फ बाहेर असतो, वाइन पातळ होत नाही.

एवढं झाल्यावर हवेकडे वळावं.

वाइन जगमध्ये ओतण्यामागे दोन अगदी वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकच समजतात. एक काम गाळ मागे ठेवण्याचं, दुसरं वाइनला हवा देण्याचं. पहिलं काम जुन्या बाटलीचं, दुसरं बहुतेक करून नव्या बाटलीचं. जुन्या बाटलीला गाळ असतो आणि हवा तिला सोसत नाही. नव्या बाटलीत गाळ नसतो आणि थोडी हवा तिला चालते. दोन्हींना एकच नियम लावला की कुठेतरी बिघडतंच.

बोर्दोचे एमिल पेनो हे विसाव्या शतकातले फार मोठे वाइन-शास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं असं की गाळ असेल तरच वाइन दुसऱ्या भांड्यात ओतावी, तीही पिण्याच्या अगदी आधी. हवा द्यायची तर ग्लासात फिरवून दिलेली पुरते. मला हे बव्हंशी पटतं. वाइन तासाभरात 'मऊ' होते असं जे म्हणतात त्यातही तथ्य कमी. तुरटपणा ज्या टॅनिनचा, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मऊपणा यायला बाटलीत महिने, वर्षं लागतात. तासाभरात जे बदलतं ते मुख्यतः वास. गंधकाचे नकोसे वास उडतात, मागचे फळाचे वास पुढे येतात, आणि नाक खूश झालं की जिभेलाही वाइन मऊ लागते. पेनोंच्या नियमात मी आपल्याकडच्या वाइनसाठी एक सवलत देते. आपल्या बऱ्याच रेड वाइनना आता फिरकीचं झाकण असतं. त्यातून हवा फारच कमी आत जाते, वाइन ताजी राहते, पण उघडल्यावर काडेपेटीचा तो हलका वास कधी कधी येतो. अशी तरणी शिराझ गार करून जगमध्ये जरा उंचावरून, फेसाळत ओतावी आणि दहा-पंधरा मिनिटं थांबावं. अगदी सेलरमधल्या टपासारखं, छोट्या प्रमाणावर. नंतर जगही बादलीत टेकवून ठेवावा. त्याहून जास्त वेळ घालवायचा तर दर पाच मिनिटांनी चाखत राहावं, आणि चांगली लागली की थांबावं. घड्याळ बघून वाइन वाढणाऱ्यांपेक्षा चाखून वाढणारा मला अधिक भरवशाचा वाटतो.

बाजारात हल्ली बाटलीच्या तोंडाला बसवायची हवा देणारी यंत्रं मिळतात. वाइनमध्ये बुडबुडे ओढतात आणि क्षणात काम करतात. ती वाईट नाहीत. पण ग्लास फिरवायला हात असताना त्यांची गरज मला पडलेली नाही.

भांड्याचा प्रश्न मात्र आमच्या घरी गाजला. मी अकलूजच्या फ्रातेली वायनरीची जुनी 'सेट्टे' आणली होती. सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉन या दोन द्राक्षांची ही वाइन काही वर्षं ठेवली तर चांगली मुरते. बाटली उजेडात धरली तर खांद्याशी बारीक काळसर थर दिसत होता. आई म्हणाली, ओतायचीच आहे तर तांब्या घे. आकार बघितला तर तिचं बरोबर होतं. रुंद पोट, अरुंद गळा, वर उघडं तोंड. पाश्चात्य दुकानात हजारो रुपयांना विकतात ते काचेचं भांडंही असंच. पण घरातला तांब्या पितळी, आणि आतली कल्हई कधीच उडालेली. वाइनमध्ये टार्टारिक आम्ल असतं. ताक ज्या भांड्यात कळकतं त्यात वाइनही कळकणार. वडिलांनी नुसती मान हलवली आणि तांब्या परत देवघराशी गेला. मग काचेच्या कपाटातला लग्नात आलेला जग निघाला. तो हुंगला तर डांबरगोळ्यांचा वास! कपाटात ठेवलेले ग्लास-जग वाइनच्या दिवशी आधी नुसत्या कोमट पाण्यानं दोन-तीनदा विसळायलाच हवेत. साबणाचा वास राहतो म्हणून शेवटच्या धुण्यात साबण नको. पुसायला धुतलेलं फडकं असलं तरी तेही आधी हुंगावं. प्रयोगशाळेतला निमुळत्या गळ्याचा फ्लास्क या कामाला अगदी सोयीचा, पण त्यात आधी काय काय ओतलं गेलं असेल याचा नेम नसतो. म्हणून तिथली काच मी कधीही घरी आणत नाही, आणि कुणी आणू नये.

वासाचा आणखी एक मुद्दा आमच्या घरांना लागू आहे. तिन्हीसांजेला देवापाशी उदबत्ती लागते, आणि तिकडे आत मिरच्यांची फोडणी बसते. या दोन्हींसमोर कुठल्याही वाइनचं काही चालत नाही. आम्ही अंगणात बसतो. दिवाबत्ती आधी होऊन जाते, फोडणी आधी पडून जाते, आणि मग बाटली उघडते. यात देवाचाही मान राहतो आणि वाइनचाही.

तर ती जुनी बाटली. आदल्या दिवसापासून मी ती उभी करून ठेवली होती, कारण गाळ आडव्या बाटलीत कडेला बसतो, उभी केली की हळूहळू तळाशी जातो. गार करतानाही ती सरळ उभीच होती. बूच काढताना हलवली नाही. वडिलांना मोबाइलचा टॉर्च धरायला सांगितला, बाटलीच्या गळ्याच्या खालून, प्रकाश वर येईल असा. जग डाव्या हातात तिरपा, बाटली उजव्यात. काठाला लावून ओतायला सुरुवात केली आणि मध्ये कुठेही थांबले नाही. थांबून बाटली सरळ केली की आतली वाइन मागे हिंदकळते आणि तळाचा गाळ उसळून वर येतो, सगळी मेहनत वाया. धार बारीक, सारखी, आवाज न करणारी. प्रकाशात गळा तांबूस, स्वच्छ दिसत होता. तीन चतुर्थांश बाटली रिकामी झाली, आणखी थोडी झाली, आणि मग खांद्यापाशी धुरासारखी एक काळी रेघ निघाली आणि गळ्याकडे सरकायला लागली. "आली," वडील म्हणाले. मी बाटली सरळ केली. तळाशी दोन-तीन घोट राहिले, गढूळ, त्यात काळी कणी. हा गाळ विषारी वगैरे नसतो. रंगाचे आणि टॅनिनचे रेणू वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. फक्त तोंडात कडू आणि चरचरीत लागतो. वडिलांनी ती बाटली बराच वेळ प्रकाशात फिरवून पाहिली. तेलाच्या टाक्यांचा तळ त्यांनी आयुष्यभर पाहिला होता, आणि कुठे थांबायचं हे त्यांना सांगावं लागलं नाही.

ती वाइन मी लगेच वाढली. जुन्या वाइनचे वास नाजूक असतात. वाळलेलं अंजीर, तंबाखूचं पान, ओली माती असं काहीतरी येतं आणि जातं. जगमध्ये ठेवली असती तर अर्ध्या तासात गेलंच असतं. काकांचं म्हणणं पडलं की या वाइनला दम कमी आहे, शिराझच बरी. तेही खरं. सगळ्यांनी जुनी वाइन आवडून घ्यायलाच हवी असं नाही.

अमळनेरपर्यंत वाइन नीट पोचवणं हे वाढण्याइतकंच महत्त्वाचं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. नाशिकहून मालेगाव, धुळे करत गाडीनं यायचं तर उन्हाळ्यात बंद डिकी भट्टी होते. बिल आणि परवाना जवळ ठेवून, थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांशेजारी बाटल्या ठेवायच्या आणि पेटी मागच्या सीटवर, गार हवेत. पहाटे निघालं तर उत्तम. दुकानातून घ्यायची असेल तर बाटल्या उन्हाच्या काचेत मांडलेल्या आहेत का हे आधी बघा. अशा एका दुकानातून घेतलेली बाटली आम्ही उघडली होती. बूच दोन-तीन मिलिमीटर वर आलेलं, गळ्याशी चिकट ओघळ, आणि रंग जांभळ्याऐवजी विटकरी. उष्णतेनं आतली वाइन फुगते, बूच ढकलते, थंड झाली की बाहेरची हवा ओढून घेते. ती भाजलेली वाइन होती. तिला गार करा, जगमध्ये ओता, काहीही करा, ती परत येत नाही. छोट्या गावात वर्षाला चार बाटल्या खपतात म्हणून त्या कशाही ठेवाव्यात हे मला मान्य नाही. आइस्क्रीम कुणी असं ठेवत नाही. इथल्या गिऱ्हाइकानं एकदा तशी वाइन प्यायली की तो पुन्हा वाइनकडे वळत नाही, आणि दोष मात्र नाशिकच्या शेतकऱ्याच्या द्राक्षाला देतो. त्या द्राक्षामागची खरड छाटणी, गोडी छाटणी, अवकाळी पावसातल्या रात्री, हे सगळं त्या दुकानातल्या उन्हात जळून जातं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शेवटी उरलेली वाइन. आमच्या घरी पिणारे एक-दोघेच, त्यामुळे बाटली एका बैठकीत संपत नाही, आणि संपवायची घाईही कुणी करू नये. इथे वडिलांचा धडा पुन्हा जसाच्या तसा लागू होतो. अर्धी भरलेली मोठी बाटली म्हणजे अर्धी बाटली हवा. म्हणून संध्याकाळीच, पहिला ग्लास ओतायच्या आधी, जेवढी उरेल असा अंदाज असेल तेवढी वाइन एका छोट्या ३७५ मिलिलिटरच्या बाटलीत काठोकाठ भरायची, झाकण लावायचं आणि फ्रिजमध्ये टाकायची. अशी ती तीन-चार दिवस सहज टिकते. जगमध्ये राहिलेली मात्र दुसऱ्या दिवशी प्यायच्या नव्हे, मटण मुरवण्याच्या कामाची.

मागच्या पावसाळ्यात बापूकाकांचा फोन आला. फ्रिजमधल्या छोट्या बाटलीत तळाला काचेचे तुकडे दिसतायत, कुणी तरी काहीतरी फोडलं वाटतं, सगळी फेकून देऊ का, असं विचारत होते. घाबरले होते. मी विचारलं, तुकडे चपटे, चमकणारे आणि लालसर आहेत का? हो म्हणाले. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाचे ते खडे. वाइन थंडीत राहिली की पोटॅशियमशी मिळून ते असे जमतात, त्यात अपायकारक काही नाही. चिमटीत घेऊन दाबा म्हटलं, काच असेल तर टोचेल, हा असेल तर चुरा होईल. पलीकडे जरा वेळ काहीच बोलणं नव्हतं. मग म्हणाले, चुरा झाला. आता बाटली उभी ठेवा, तासाभरानं हळू ओता आणि शेवटचे दोन घोट सोडून द्या, एवढं सांगून मी फोन ठेवणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं की टॉर्च धरायला तुझ्या बापाला बोलवू का.